लाइन, आणि हँडलवरची टोपी

'लाइन' हा शब्द इंग्रजी आहे, हे मला वीज मंडळात नोकरीला लागेपर्यंत माहीत नव्हतं. आमच्या घरात तो भाकरी-कोरड्यासाच्या पंगतीला बसलेला. पलटणीतून पेन्शनीवर आलेले चुलते 'आमच्या लायनीत' म्हणाले की बराकीतला एखादा किस्सा निघायचा. आई रेशनच्या लायनीत जायची. कोरेगाव स्टेशनाकडच्या रानात गुरं सोडली की 'लायनीवर जाऊ देऊ नको' अशी ताकीद असायची, आणि मी ती विसरलो की वडील म्हणायचे, "थांब, आता ह्येलाच लायनीवर आणतो." मग जे व्हायचं त्याचे वळ दोन दिवस दिसायचे.

माझं लग्नसुद्धा या शब्दानंच जमवलं. सासरे सांगलीकडचे. बघायला आले तेव्हा त्यांनी चुलत्यांना विचारलं, "पोरगं कुठल्या लायनीला हाय?"

"लायनीवरच हाय की," चुलते छाती काढून म्हणाले.

सासऱ्यांनी रेल्वे धरली. मुलीला वर्षातून एकदा पासावर माहेरी येता येईल, एवढा हिशेब करून होकार दिला. लग्नानंतर मी रेल्वेचा नव्हे, विजेच्या खांबांचा माणूस निघालो, तोवर उशीर झाला होता. सुमन, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, अजून चारचौघांत सांगतात, "मी पासाच्या आशेवर फसले."

खरं तर मी खांबाला फार काळ लटकलोही नाही. सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं, गावोगाव वीज पोचत होती आणि मंडळाला माणसं हवी होती. मी रोजंदारीवर लागलो. पहिल्याच दिवशी मला खांबावर चढवलं. निम्म्यावर गेलो आणि खाली बघितलं. खालची सगळी ज्वारी एका बाजूला कलंडली. मी खांबाला जी मिठी मारली ती सुटेना.

खालून आमचा वायरमन ओरडला, "आरं शंकऱ्या, खांब न्हाई पडत! तू सोड त्येला!"

हा वायरमन म्हणजे दस्तगीर मुलाणी. माझ्याहून वीस-बावीस वर्षांनी मोठा, काटक, डोक्यावर पांढरी टोपी, खांबावर चढायचा ते आपण जिन्यानं माडीवर जावं तसं. त्यानं वर येऊन माझी बोटं एकेक करून सोडवली. संध्याकाळी मोठ्या साहेबांपुढं मला उभा करून म्हणाला, "साहेब, पोरगं हुशार हाय, पर जमिनीवर." त्या एका वाक्यावर माझी बदली सबस्टेशनात, ऑपरेटरच्या हाताखाली झाली आणि दोन वर्षांत मीच ऑपरेटर झालो. रोजंदारीवरच, पण खुर्चीवर.

सबस्टेशन म्हणजे काय, ते सांगतो. लांबून मोठ्या दाबाची वीज येते, ती इथं उतरवून अकरा हजार व्होल्टच्या लाइनींवर गावांकडं सोडतात. आमच्याकडून अशा तीन लाइनी निघायच्या. प्रत्येकीचं एक लोखंडी कपाट, त्याला एक हँडल. हँडल खाली असलं की त्या अंगाची वीस-पंचवीस गावं बंद, वर केलं की चालू. आमच्या भागात वीज कुणी म्हणत नाही. लाइन आली, लाइन गेली, लाइन कमी आहे, आणि एखादा चिकटला तर त्याला लायनीनं धरलं. बहात्तरच्या दुष्काळानंतर ज्याच्या त्याच्या विहिरीवर मोटार बसायला लागली, तेव्हा तर माणसं रामराम घालायच्या आधी विचारायची, "लाइन कवा सोडतासा?" मला वाटायचं, कृष्णामाई माझ्याच हातात आहे. घरी मात्र दिव्याची वात मीच सारायचो, कारण आमच्या गल्लीला अजून खांब आला नव्हता.

एकदा हौसाक्का नावाची म्हातारी सबस्टेशनात आली. तिचा मुलगा दाजी फौजेत, पार उत्तरेच्या सरहद्दीवर. तिनं तारांकडं बोट केलं.

"ह्यांचं दुसरं टोक कुठवर जातंय?"

"लई लांब, आक्का."

"मग त्या टोकाला माझा दाजी हाय का बघ की. तुमच्याकडं लाइन हाय म्हणं."

मी हसलो नाही, ही त्या दिवसातली माझी एकमेव शहाणी गोष्ट. ही लाइन बोलत नाही, नुसती जाळते, हे तिला कसं सांगावं कळेना. शेवटी लॉगबुकाचं मागचं पान फाडलं आणि म्हटलं, सांगा, पत्र लिहितो. ती म्हणाली, "दोनच लायनी लिव्ह. म्हैस व्याली. मी बरी हाय." मी तेवढंच लिहिलं. पुढं दर महिन्याला ती दोन लायनी लिहून घ्यायला यायची. म्हैस दर महिन्याला काही व्यायची नाही, पण 'मी बरी हाय' कायम असायचं.

आता मुद्द्याचं. तारेवर काम करायचं तर लाइन बंद पाहिजे. वायरमन ऑपरेटरकडून 'परमिट' घेतो, म्हणजे अमुक लाइन माझ्या नावावर बंद करा. ऑपरेटर हँडल खाली ओढतो, वहीत लिहितो. काम झालं की ज्यानं परमिट घेतलं त्यानंच ते परत करायचं. दुसऱ्या कुणी नाही. साहेबानं नाही, देवानं नाही. पुस्तकात इतकं सरळ लिहिलेलं आहे.

पण पुस्तक लिहिणाऱ्याला आमची गावं ठाऊक नव्हती. काम आठ-दहा मैलांवर, फोन एखाद्याच पोस्टात, वाहन म्हणजे सायकल. परमिट परत करायला वायरमन सबस्टेशनापर्यंत येणार म्हणजे तास-दीड तास पाणी बंद. लोक खवळायचे. म्हणून आम्ही एक शॉर्टकट काढला होता: घड्याळ. निघताना दोघांची घड्याळं जुळवायची. "चारला सोड" म्हणून वायरमन जायचा आणि चार वाजता ऑपरेटर हँडल वर करायचा. सगळे तसंच करायचे. काही होत नाही तोवर सगळंच चालतं.

माझ्या मनगटावर सासऱ्यांनी सांगलीत घेतलेलं घड्याळ होतं. पासाचा राग विसरून त्यांनी ते दिवाळसणाला दिलं होतं. मला त्याचा इतका अभिमान की कुणी वेळ विचारावी म्हणून मी बाही दुमडून फिरायचो. रोज सकाळी त्याला करकरून चावी द्यायचो. ते दिवसाला दहा मिनिटं पुढं जातं हे मला माहीत होतं, पण सासऱ्यांच्या घड्याळाला नाव कोण ठेवणार?

त्या दिवशी सकाळी सातला आम्ही घड्याळं जुळवली होती. दुपारी माझ्या घड्याळात चार वाजले. मी हँडल वर केलं. दस्तगीरच्या घड्याळात अजून तीन-चार मिनिटं होती. तो काम उरकून खाली उतरला होता, सुरक्षेसाठी तारांवर टाकलेली, जमिनीला जोडलेली साखळीही काढली होती. तेवढ्यात आठवलं, पकड वरच राहिली. ती आणायला तो परत चढला.

तो उसाच्या पाचटाच्या ढिगावर पडला म्हणून वाचला. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं भाजून आखडली ती कायमची.

साताऱ्याच्या दवाखान्यात मी त्याला भेटायला गेलो तेव्हा घड्याळ खिशात लपवलं होतं. तो पट्ट्या बांधलेला हात उशीवर ठेवून पडला होता. मला बघून म्हणाला, "किती वाजलं रं?"

मी खिशातून काढून सांगितलं.

"म्हंजी धा कमी," तो म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून हसला.

चौकशीत त्यानं जबाब दिला, 'पकड इसरलो, चूक माझी.' घड्याळाचं नाव काढलं नाही. मी बाहेर बाकावर बसून ऐकत होतो. आत जाऊन खरं सांगावं, असं फार वाटलं. उठलो नाही. या नोकरीत मी बऱ्याच ठिकाणी घाबरलो, त्याचं मला हसू येतं. या बाकाचं येत नाही.

तीन महिन्यांनी तो कामावर आला. परमिट मागितलं. मी लाइन बंद केली, वही पुढं केली. त्यानं सही केली, मग डोक्यावरची टोपी काढली आणि हँडलला अडकवली. डोक्याला टॉवेल गुंडाळला.

"आवं भाई, हे काय?"

"तुझ्या घड्याळावर आता न्हाई. ही टोपी हितं हाय तंवर मी वर हाय. माझी टोपी मीच काढणार. लोक बोंबलू देत."

"आणि कुणी सांगावा आणला तर?"

"सांगावा काय डोक्यावर घालू? आणि ते घड्याळ घाल हाताला. सासऱ्याचा मान हाय."

त्या दिवसापासून आमचं असं सुरू झालं. तेलकट कडेची ती पांढरी टोपी हँडलवर दिसली की मी तिकडं पाठही करायचो नाही. लोक खरंच बोंबलले. नंतर सवय झाली. गिरणीवाला तर दारातून डोकावून नुसतं विचारायचा, "टोपी हाय काय?"

अशात नदीकाठच्या एका गावात पाणी उपसा योजना झाली. गावाचं नाव सांगत नाही, तिथं माझे पाहुणे आहेत. कृष्णेचं पाणी वरच्या माळाला न्यायचं, त्यासाठी मोठ्या मोटारी. पाच गावांची पिढ्यान् पिढ्यांची कोरडी जमीन. उद्घाटनाला मोठे पाहुणे यायचे होते. दुपारी चार वाजता त्यांनी बटण दाबायचं आणि पाणी पडायचं. सकाळीच त्या लाइनीवर एक तार ढिली झाल्याचं दिसलं. दस्तगीर परमिट घेऊन, टोपी अडकवून गेला.

चारला दहा मिनिटं कमी असताना फोन वाजला. आमचे साहेब गावच्या पोस्टातून बोलत होते. नवे होते, महिनाभरापूर्वीच रुजू झालेले.

"काम झालंय. लाइन सोड."

मी हँडलकडं बघितलं. "साहेब, दस्तगीरभाई कुठं हायत?"

"तो खाली उतरलाय, सायकलवरून तुझ्याकडंच निघालाय. पाणी सोसायटीच्या सेक्रेटरींना त्यानं स्वतः सांगितलंय. सोड."

"टोपी हाय साहेब."

"काय आहे?"

"टोपी. हँडलला."

"मग काढ ना टोपी!"

"ती त्येंची हाय, साहेब."

फोनमधून माणसांचा गलका आणि बॅटरीवरचा लाउडस्पीकर ऐकू आला. मग साहेब हळू आवाजात म्हणाले, "शंकर, पाहुणे स्टेजवर बसलेत. मी तुला ऑर्डर देतोय. कायम होणाऱ्यांची यादी माझ्या टेबलावर आहे, तुला माहीत आहे ना?"

माहीत होतं. त्या यादीसाठी मी तीन वर्षं थांबलो होतो. थोरली दोन वर्षांची होती, धाकटा पोटात होता. मी फोन धरून उठलो, दुसरा हात टोपीपर्यंत नेला. बोटाला कडेचा तेलकटपणा लागला आणि मला पाचटाचा ढीग दिसला. मी हात मागं घेतला, "न्हाई साहेब," म्हणालो आणि फोन ठेवला. धीट माणसानं ठेवावा तसा नव्हे. ठेवताना तो दोनदा खाली पडला.

अर्ध्या तासात फटफटीचा आवाज आला. सोसायटीचे सेक्रेटरी स्वतः. दिसायला पैलवान गडी, अंगात कडक इस्त्री, कपाळावर घाम. ही योजना त्यांनीच सात वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवून आणली होती.

"आरं, पाहुण्यांनी बटण दाबलं! काय न्हाई! दुसऱ्यांदा दाबलं! लोक हसाय लागलं! सोड लाइन!"

"टोपी हाय, सेक्रेटरी."

"आरं टोपीची..." त्यांनी शिवी गिळली. "मी माझ्या डोळ्यांनी त्येला खाली उतरलेला बघितलाय. माझ्याशी बोलला त्यो. मी काय खोटं बोलतोय?"

"न्हाई."

"मग?"

माणूस खरं बोलत होता हे दिसत होतं. ते हँडलकडं निघाले तसा मी आधी जाऊन हँडलला पाठ लावून उभा राहिलो. माझा देह तुम्ही पाहिलेला नाही. सेक्रेटरींनी मला टोपीसकट उचलून बाजूला ठेवला असता. पण ते थांबले.

"नोकरी जाईल तुझी."

"जाईल."

"कशापायी?"

"त्येंची दोन बोटं माझ्यामुळं गेल्यात," मी म्हणालो. हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगत होतो आणि ते नेमकं इतक्या भलत्या वेळी बाहेर पडलं. "पकड इसरल्यामुळं न्हवं. माझं घड्याळ पुढं हुतं."

सेक्रेटरी पायरीवर जाऊन बसले. लांब गावातून लाउडस्पीकरवर कुणीतरी भाषण लांबवत असलेलं वाऱ्यावर ऐकू येत होतं. पाणी येईना म्हणून पाहुण्यांनी दुसरं भाषण सुरू केलं होतं. पाच गावांना माझ्यामुळं एक भाषण जास्त ऐकावं लागलं, हे पाप मी मान्य करतो.

पाऊण तासानं रस्त्यावर सायकल दिसली. दस्तगीर उतरला. सदऱ्यावर खांबाचा गंज लागलेला, टॉवेल घामानं ओला.

"एवढा वेळ कुठं हुता, भाई?" मी दारातूनच ओरडलो.

"आरं, हेंच्याशी बोलून निघालो," त्यानं सेक्रेटरींकडं मान केली, "तर वड्याच्या अलीकडं बघतो, एका खांबावरचा चिनी मातीचा इन्सुलेटर फुटल्याला. तार लोखंडावर टेकाय आलेली. पाहुण्यांच्या म्होरं ठिणग्या उडायच्या. म्हटलं बदलावा. चढलो परत."

"किती वाजता?" सेक्रेटरींनी विचारलं.

"चार वाजायला आलं असतील. का वो?"

सेक्रेटरींनी डोक्याला हात लावला, मग माठाकडं बोट करून पाणी मागितलं.

दस्तगीरनं आखडल्या बोटांच्या हातानं टोपी काढली, फुंकर मारून डोक्यावर ठेवली. "सोड आता."

मी हँडल वर केलं. थोड्या वेळानं लांबून आधी फटाके आणि मग माणसांचा आवाज आला. माळावर पाणी पडलं होतं. सेक्रेटरी फटफटीवर बसले, पण किक मारायच्या आधी परत आले, दस्तगीरच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले.

मला मेमो आलाच. 'वरिष्ठांचा आदेश का पाळला नाही, याचा खुलासा करावा.' मी रात्रभर विचार करून सकाळी दोन लायनी लिहिल्या: 'टोपी हँडलवर होती. सबब लाइन सोडली नाही.'

साहेबांनी तो कागद वाचला. चष्मा काढला, पुसला, परत वाचला. "हे वर पाठवायचंय रे. टोपी काय लिहितोस? लिही. 'परमिटधारक कर्मचारी समक्ष हजर नसल्याने...'"

त्यांनी सांगितलं आणि मी लिहीत गेलो. साहेबांना द्यायचा खुलासा साहेबांनीच सांगून लिहवून घेतला, हे मी दुसऱ्या कुठल्या कचेरीत ऐकलेलं नाही. शेवटी ते म्हणाले, "काल सेक्रेटरी आले होते. त्यांनी सांगितलं सगळं. ओढ्याजवळचं." मग खिडकीबाहेर बघत, "मी ऑर्डर दिली होती," एवढंच. पुढच्या यादीत माझं नाव होतं.

दस्तगीर निवृत्त झाला तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. माझ्या जोडीला माने नावाचे दुसरे ऑपरेटर आले होते. फौजेतून हवालदार म्हणून उतरलेले, बोलणं मोजकं. कामाची माहिती देताना मी त्यांना टोपीचा नियमही सांगितला होता. त्यांनी टाच जुळवून "जी" म्हटलं होतं.

शेवटच्या दिवशीही दस्तगीर दुपारी एक छोटं काम करायला गेला. मी त्याच्या घरी सत्काराच्या तयारीत होतो. काम झाल्या झाल्या नदीकाठच्या गावकऱ्यांनी त्याला तिथंच गाठलं. फेटा बांधला, हार घातला, हलगी लावून ट्रॅक्टरवरून मिरवत घरी आणला. शाल झाली, नारळ झाला. सेक्रेटरी भाषणाला उठले, तोच गिरणीवाला पिठानं पांढरा झालेला धावत आला.

"लाइन न्हाई! तासभर झाला! सांगावा धाडला काम झालंय म्हणून, तरी त्यो माने सोडत न्हाई!"

"का?" मी विचारलं.

"टोपी हाय म्हणतोय!"

सगळे दस्तगीरच्या डोक्याकडं बघायला लागले. डोक्यावर फेटा होता, म्हणून टोपी नसलेली कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. त्याच्याही नाही. सेक्रेटरी मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "जावा भाई. आमी थांबतो. आमाला सवय हाय."

मी त्याला सायकलच्या कॅरियरवर घेऊन निघालो. फेटा, हार, शाल अशा थाटात. सबस्टेशनाच्या दारात माने उभे होते. आत दहा-बारा शेतकरी तावातावानं बोलत होते, त्यांच्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं. दस्तगीरला बघून त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला.

"कोई गडबड नाही, भाईसाब. तुमची चीज तुमच्या जागेवर हाय."

दस्तगीर आत गेला. मग आखडलेल्या बोटांनी टोपी काढली आणि बाजूला झाला. "सोडा, हवालदार."

हँडल वर गेलं. समोरची गिरणी घरघरायला लागली, शेतकरी पांगले. त्यानं टोपी झटकली, रिकाम्या हँडलकडं एकदा बघितलं, आणि माझ्याकडं वळून विचारलं, "किती वाजलं रं, शंकऱ्या?"

मी बाही दुमडून सांगितलं.

"म्हंजी धा कमी," तो म्हणाला आणि फेट्यावरच टोपी ठेवून कॅरियरवर जाऊन बसला.